मराठवाड्यातला समुद्र : कंधारनगरी आणि जगत्तुंग सागर

समुद्रकाठचे एखादे जुने गाव पाहावयाचे झाले म्हणजे नांदेड-लातूरकडील माणसाला लांबचा प्रवास करावा लागतो. मालवण, मुरूड-जंजिरा, हरिहरेश्वर, गणपतीपुळे ही नावे शाळकरी मुलांनाही पाठ असतात. दिवाळीच्या सुटीत चार-पाच घरची मंडळी मिळून एखादी गाडी ठरवितात, समुद्रस्नान करून येतात आणि येताना बाटलीभर खारे पाणी व पिशवीभर शिंपले घेऊन येतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु ज्या मुलखात समुद्राची गाज कधीही ऐकू आलेली नाही, त्या आपल्या मुलखातल्याच एका गावाने हजार वर्षांपूर्वी स्वतःचा ‘समुद्र’ निर्माण केला होता आणि त्याच्या काठी किल्ला, देवालये, मंडप व अन्नदानाच्या सोयी उभारल्या होत्या, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. ते गाव म्हणजे नांदेड जिल्ह्यातील कंधार आणि तो समुद्र म्हणजे जगत्तुंग सागर.

मंदिर जीर्णोद्धाराच्या प्रसंगी दुसऱ्या गावच्या तळ्याची व किल्ल्याची कथा कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, देऊळ, पाणी आणि दान या तीन गोष्टी एकत्र नांदल्या म्हणजे गाव कसे उभे राहते आणि त्यांची आठवण तुटली म्हणजे काय हाती उरते, हे कंधारइतके स्पष्टपणे या दोन जिल्ह्यांत क्वचितच कोठे दिसते.

लट्टलूरचे राजे

कंधारची कथा लातूरपासून सुरू होते. आठव्या शतकाच्या मध्यास, इ. स. ७५३ च्या सुमारास, दंतिदुर्ग नावाच्या पराक्रमी पुरुषाने बदामीच्या चालुक्यांचा पराभव करून राष्ट्रकूट साम्राज्याचा पाया घातला. या घराण्यातील राजे आपल्या लेखांतून स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणजे लट्टलूर या श्रेष्ठ नगराचे अधिपती असे म्हणवून घेत. लट्टलूर म्हणजेच आजचे लातूर होय. पुढे त्यांची राजधानी मान्यखेट येथे गेली, तरी आपले मूळ गाव त्यांनी बिरुदातून कधी गाळले नाही. मान्यखेट म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड.

दंतिदुर्गानंतर आलेल्या पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास लेणे खोदविले. तिसऱ्या गोविंदाने उत्तरेपर्यंत स्वाऱ्या केल्या. ‘जगत्तुंग’ हे त्याचेच बिरुद. अमोघवर्षाने इ. स. ८१४ पासून साठाहून अधिक वर्षे राज्य केले. तिसऱ्या इंद्राच्या वडिलांचे नावही जगत्तुंगच होते, परंतु त्यांना सिंहासन लाभले नाही. त्या इंद्राचे सैन्य यमुना ओलांडून थेट कनोजपर्यंत पोहोचले. या घराण्याचा शेवटचा मोठा राजा तिसरा कृष्ण. त्याने इ. स. ९३९ ते ९६७ असे राज्य केले. इ. स. ९४९ मध्ये तक्कोलम येथे त्याने चोळांचा पराभव केला आणि रामेश्वरपर्यंत आपला दरारा बसविला. कंधारचे वैभव या तिसऱ्या कृष्णाच्या काळात शिखरास पोहोचले, आणि कंधारचा किल्लाही त्याच्याच नावाने सांगितला जातो.

लातूरकडून निघालेल्या या घराण्याचा समुद्राशी फार जवळचा संबंध होता. कोकणाची बंदरे त्यांच्या ताब्यात होती. अरब व्यापारी व प्रवासी त्यांना ‘बल्हरा’ म्हणत. हा वल्लभराज या शब्दाचा अपभ्रंश होय. इ. स. ८५१ च्या सुमारास लिहिलेल्या सुलेमान व्यापाऱ्याच्या वृत्तांतात जगातील चार मोठ्या राजांमध्ये बल्हराची गणना केलेली आहे. बगदादचा खलिफा, चीनचा सम्राट, रूमचा बादशहा आणि त्यांच्या पंक्तीला आपल्या लट्टलूरचा राजा! मराठवाड्यातील वाचकाने ही गोष्ट मुद्दाम ध्यानात ठेवावी.

समुद्रकाठचे एक दानपत्र

आजच्या पालघर जिल्ह्यात डहाणू तालुक्यात चिंचणी नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. तेथे राष्ट्रकूट काळातील ताम्रपट सापडले. त्यांतील तिसऱ्या इंद्राच्या काळचा ताम्रपट शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा आहे. त्यातील हकीकत वाचण्यासारखी आहे. संजाण बंदराभोवतीचा मुलूख त्या वेळी मधुमती नावाच्या अधिकाऱ्याच्या हाती होता. हा अधिकारी ताजिक म्हणजे अरब होता आणि दुसऱ्या कृष्णाने त्याची नेमणूक केली होती. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप असल्याचे विद्वान मानतात. या अरब अधिकाऱ्याने नदीनाल्यांवर लोकांसाठी विनामूल्य होड्या ठेवल्या आणि संजाण येथे अन्नछत्र चालविले. तसेच एका ब्राह्मणाने बांधलेल्या देवीच्या मठासाठी त्याच्या कारकिर्दीत गाव व जमीन दान देण्यात आली आणि त्या दानाला राजाची मंजुरी होती.

दान देणारा कोणत्या पंथाचा आणि घेणारा कोणत्या पंथाचा, याचा हिशेब त्या ताम्रपटात नाही. कोणती जमीन, किती, कोणाच्या खर्चासाठी, एवढाच चोख हिशेब आहे. समुद्रकाठी ही रीत होती, तीच रीत समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या कंधारलाही होती.

डोंगरउताराचा समुद्र

कंधार हे बालाघाटाच्या डोंगररांगांत, मन्याड नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. मन्याड ही मांजरेला मिळते आणि मांजरा गोदावरीला. नदी आहे, परंतु आपल्याकडील नद्यांचा स्वभाव सर्वांना ठाऊक आहे. मृगापासून हस्तापर्यंत त्या दुथडी भरून वाहतात आणि होळी झाली की पात्रात झरे खणून पाणी भरावे लागते. राजाचे गाव, छावणी, हत्तीघोडे, देवळे व यात्रेकरू एवढ्यांना पुरेल असे पाणी अशा नदीच्या भरवशावर राहून मिळणे शक्य नव्हते. म्हणून डोंगरउताराचे पाणी बांध घालून अडविण्यात आले आणि त्या जलाशयास ‘जगत्तुंगसमुद्र’ असे नाव देण्यात आले. राष्ट्रकूटांच्या बिरुदावरूनच हे नाव आले. कंधार येथे सापडलेल्या तिसऱ्या कृष्णाच्या काळातील संस्कृत शिलालेखात या जलाशयाचा याच नावाने उल्लेख आहे.

तळ्याला समुद्र किंवा सागर म्हणण्याची रीत दख्खनमध्ये जुनी आहे. हैदराबादचा हुसेनसागर सर्वांच्या पाहण्यातला आहे. तो सोळाव्या शतकातला. जगत्तुंग समुद्र त्याच्याहून सहाशे वर्षांनी वडील आहे. ज्यांनी खरा समुद्र पाहिला होता, ज्यांच्या बंदरांत परदेशची गलबते लागत होती, त्या राजांनी एका तळ्याला समुद्र म्हणावे यात नुसती फुशारकी नाही. कोरड्या मुलखात बारा महिने टिकणारे पाणी हे समुद्राइतकेच मोलाचे, असा त्या नावाचा अर्थ घ्यावा.

शिलालेखातील देवळे

हा शिलालेख आज खंडित अवस्थेत आहे, तरी त्यातील मजकूर फार मोलाचा आहे. त्यात एकाच गावातील अनेक देवस्थानांची नावे येतात. कालप्रिय, बंकेश्वर, छल्लेश्वर, गोज्जिग-सोमनाथ, तुडिगेश अशी ती नावे आहेत. यांखेरीज ‘सर्वलोकाश्रय’ म्हणजे सर्व लोकांना आश्रय देणारा असा मंडप होता. देवळांच्या पूजेअर्चेसाठी, नैवेद्यासाठी व अन्नदानासाठी केलेल्या व्यवस्थेचाही त्यात उल्लेख आहे.

यातील कालप्रिय हे नाव लक्षात ठेवण्यासारखे आहे. उत्तरेत यमुनाकाठी कालप्रियाचे प्रसिद्ध देवालय होते. तिसऱ्या इंद्राच्या स्वारीत त्याच्या हत्तींनी त्या देवालयाचे अंगण तुडविल्याचे वर्णन खंबायत येथील ताम्रपटात आहे. विदर्भातील पद्मपूरचा भवभूती, ज्याची संस्कृत नाटके आजही अभ्यासली जातात, त्याच्या नाटकांचे प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत होत असत. तोच देव राष्ट्रकूटांनी आपल्या घरी आणला. इ. स. ९५९ मध्ये दक्षिणेतील मेलपाटी येथे छावणी असताना तिसऱ्या कृष्णाने कऱ्हाडचा ताम्रपट दिला. त्यातही दक्षिणेत कालप्रिय, गंडमार्तंड व कृष्णेश्वर या देवांची देवालये बांधण्याचा उल्लेख आहे. म्हणजे उत्तरेकडील यमुना, दक्षिणेकडील मेलपाटी आणि मधोमध आमची मन्याड, अशी ही एकाच देवाच्या नावाची साखळी होती.

शिलालेख म्हणजे काही केवळ स्तुतीचा दगड नव्हे. आज तलाठ्याकडे जसा फेरफार असतो, सातबारा व आठ-अ असतो, देवस्थान इनामाची नोंद असते, तसा तो त्या काळचा कायमचा दस्तऐवज होय. कागद वाळवी खाते, ताडपत्र झिजते, म्हणून दगडावर लिहून ठेवावयाचे. दानलेखांच्या शेवटी बहुधा असेही लिहिलेले असते की, जो हे दान पुढे चालवील तो पुण्यवान होईल आणि जो हिरावून घेईल तो साठ हजार वर्षे विष्ठेतील किडा होऊन राहील. दात्याला आपल्या मागे येणाऱ्यांची किती काळजी होती, ते या एका वाक्यावरून कळते. दान देणे एका दिवसाचे काम आहे, ते टिकविणे शंभर पिढ्यांचे.

सत्तांतरे

इ. स. ९७२ मध्ये माळव्याच्या परमारांनी मान्यखेट लुटले आणि पुढच्याच वर्षी कल्याणीच्या चालुक्यांनी राष्ट्रकूटांची सत्ता संपविली. राजे गेले, पण कंधार उजाड झाले नाही. चालुक्य, यादव, त्यानंतर दिल्लीचे सुलतान, बहामनी, अहमदनगरची निजामशाही अशा राजवटी येथे येऊन गेल्या. प्रत्येकाने किल्ल्यात भर घातली. कोणी बुरूज बांधला, कोणी दरवाजा घातला, कोणी मशीद व महाल उभारला. निजामशाहीचा कर्ता पुरुष मलिक अंबर याच्या काळच्या खुणाही येथे आहेत.

मोगलांच्या इतिहासात कंधार नावामुळे पुष्कळदा घोटाळा होतो. अफगाणिस्तानातील कंदाहार वेगळे. त्यासाठी मोगल व इराण यांच्यात वारंवार लढाया झाल्या. शहाजहानच्या सरदाराने, नासिरी खानाने, इ. स. १६३१ मध्ये वेढा देऊन घेतले ते मात्र आपले दख्खनचे कंधार.  शहाजहानच्या कारकिर्दीचा सचित्र ग्रंथ ‘पादशाहनामा’ आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. त्यात या वेढ्याचेही चित्र आहे. नांदेड जिल्ह्यातील एका गावचा प्रसंग साहेबाच्या राजवाड्यात जपून ठेवला आहे आणि आपल्याकडे त्याचे नावही कोणी घेत नाही!

पुढे १७२४ पासून निजामाची राजवट आली आणि ती १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत राहिली. हैदराबाद मुक्तिसंग्रामात कंधार तालुक्याने आपला वाटा उचलला. तालुक्यातील कल्हाळी येथे गढीच्या आश्रयाने अप्पासाहेब नाईक व त्यांच्या साथीदारांनी रझाकारांशी झुंज दिली आणि देह ठेवले. कंधारला जाणाऱ्याने त्या गढीचेही स्मरण करावे. स्वातंत्र्यानंतर केशवराव धोंडगे यांच्यासारखा निर्भीड लोकप्रतिनिधी याच तालुक्याने दिला. १९४८ मध्ये सुरू झालेल्या शिक्षण संस्थेमुळे खेड्यापाड्यातील असंख्य मुलांना शाळा मिळाली.

कंधारला काय पाहावे

नांदेडहून लोहा मार्गे कंधार सुमारे पन्नास किलोमीटर आहे. लातूरकडून येणाऱ्याने अहमदपूरवरून यावे. रेल्वे नाही, पण एस. टी. ची सोय आहे. पावसाळा संपल्यापासून माघापर्यंत जावे म्हणजे तळ्याला पाणी व डोंगराला हिरवळ असते. उन्हाळ्यात जाणे झाल्यास सकाळीच किल्ला पाहून घ्यावा.

प्रथम किल्ला. हा भुईकोट आहे, म्हणजे डोंगरावर नाही, सपाटीवर आहे. शत्रूला अडविण्यास कडा नसल्यामुळे सभोवार रुंद खंदक ठेवून त्यात पाणी खेळविले आहे. खंदकाच्या काठी उभे राहिले म्हणजे तटबंदीचे प्रतिबिंब पाण्यात पडलेले दिसते. कोकणातला जलदुर्ग ज्यांनी पाहिला आहे त्यांना येथे त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. आत लोहबंदी दरवाजा, मासे कोरलेला मच्छली दरवाजा, महाकाली बुरूज, अंबरखाना, दरबार महाल, राणी महाल, शीश महाल अशी ठिकाणे आहेत. किल्ल्याच्या आवारात जुन्या मूर्ती व कोरीव दगड ठेवलेले आहेत. त्यांत हिंदू देवतांबरोबर जैन मूर्तीही आहेत, कारण राष्ट्रकूटांच्या काळात जैन धर्मालाही मोठा आश्रय होता. घाई करणारा पाहुणा दरवाजापाशी फोटो काढून परततो. खरी संपत्ती या दगडांत आहे.

दुसरे म्हणजे जगत्तुंग सागर. संध्याकाळी येथे थोडा वेळ बसावे. ज्या पाण्याकडे आपण पाहतो ते नाव शिलालेखात आहे, हे मुलांना सांगावे.

तिसरे, कंधारजवळ मानसपुरी परिसरातील क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे अवशेष. गावाची व शिवाराची राखण करणारा तो क्षेत्रपाल. मूर्तीचे तुकडे झाले आहेत, परंतु नुसत्या पावलाशेजारी माणूस उभा राहिला तरी मूळ मूर्ती केवढी असेल याचा अंदाज येतो. श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर पाहण्यास आपली माणसे दूरवर जातात. मन्याडकाठच्या या राखणदाराला भेटण्यास तासाभराचा वळसा पुरतो.

चौथे, हाजी सय्याह सरवर मगदूम यांचा दर्गा. उरुसाच्या वेळी येथे सर्व जातिधर्मांचे लोक येतात. त्याचप्रमाणे कंधारला साधू महाराजांची वारकरी परंपरा आहे. पांडवांच्या कथाही या भागात सांगितल्या जातात. कंधार म्हणजेच पांचालपुरी आणि द्रौपदीचे स्वयंवर येथे झाले, अशी लोककथा आहे. इतिहासाला तिचा आधार नसला तरी आपले गाव महाभारताशी जोडण्याची लोकांची हौस त्यातून दिसते.

शेतकरी पाहुण्याने आणखी एक वारसा पाहावा, तो म्हणजे लाल कंधारी गोवंश. तांबूस रंगाची, मध्यम बांध्याची, उन्हात न थकणारी ही जात या तालुक्याच्या नावानेच देशभर ओळखली जाते. लातूर जिल्ह्याची देवणी आणि नांदेड जिल्ह्याची लाल कंधारी, या दोन जातींनी दोन जिल्ह्यांची शेती पिढ्यान् पिढ्या ओढली. आज ट्रॅक्टर आले, दावणी रिकाम्या झाल्या, तरी लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत या जनावरांचे देखणे नमुने अजून पाहावयास मिळतात. हे माळेगाव पूर्वी कंधार तालुक्यातच होते.

पाण्याची आठवण

या कथेचा एक भाग वाचताना प्रत्येकाला विचार करावा लागेल. २०१६ च्या एप्रिल महिन्यात लातूर शहराला रेल्वेने पाणी आणावे लागले. मांजरा धरण कोरडे पडले होते. मिरजेहून निघालेली पहिली गाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली आणि पुढे पावसाळ्यापर्यंत अशा अनेक खेपा झाल्या. स्टेशनावर गाडी आली तेव्हा लोकांनी पाण्याची पूजा केली. ज्या नगराच्या नावाचे बिरुद मिरविणाऱ्या राजांनी कंधारला समुद्र बांधला, त्याच नगराला हजार वर्षांनी पाण्यासाठी तीनशे किलोमीटरवरील गावाकडे हात पसरावे लागले.

यात दोष एकट्या पावसाचा नाही. जुन्या काळी प्रत्येक गावाला तळे, बारव, आड व पाझर यांची व्यवस्था होती आणि ती नीट ठेवणे हे गावकीचे काम होते. दर उन्हाळ्यात गाळ काढून शेतात टाकीत. तळ्याचा उपसा झाला की शेताला खत मिळे. नळ आले, बोअर आले आणि बारवेत कचरा टाकण्यास सुरुवात झाली. तळ्याचे काठ बुजले, ओढ्यात घरे झाली. राज्य शासनाने २०१७ मध्ये ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना सुरू केली, ती या जुन्या रीतीचेच नवे रूप होय. तलाव बांधणाऱ्याचे नाव शिलालेखात येते. गाळ काढणाऱ्याचे येत नाही. तथापि जगत्तुंग सागर हजार वर्षे टिकला तो गाळ काढणाऱ्या, बांध दुरुस्त करणाऱ्या त्या बिननावाच्या हातांमुळेच.

जीर्णोद्धार करणाऱ्यांसाठी

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. शिलालेखातील कालप्रियाचे, बंकेश्वराचे देऊळ आज कंधारात दाखवा म्हटले तर कोणाला दाखविता येणार नाही. काही युद्धात गेले, काही काळाने पडले. परंतु गावोगावची कित्येक देवळे परक्याने पाडली नाहीत, आपल्याच माणसांनी भक्तिभावाने नाहीशी केली. जुना गाभारा काढून तेथे फरशी बसविली. कोरीव खांब ओट्याला लावले. अक्षरांचा दगड ‘जुना आहे’ म्हणून धुण्याला नेला किंवा पायात घातला. मूर्तीवर तैलरंगाचे थर दिले, त्यात चेहराही गेला आणि अक्षरेही गेली. हेतू चांगला, पैसा घामाचा, पण नुकसान कायमचे.

म्हणून जीर्णोद्धार करणाऱ्या प्रत्येक गावाने काही गोष्टी पाळाव्यात. पाया खणताना मूर्ती, वीरगळ, नाणी किंवा अक्षरे असलेला दगड निघाला तर काम तेथे थांबवून तहसील कार्यालयास लेखी कळवावे. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे. शंभर वर्षांहून जुन्या मूर्तीची विक्री वा परदेशी रवानगी यावर १९७२ च्या कायद्याने निर्बंध आहेत. कळविले म्हणजे सरकार देव घेऊन जाईल, अशी भीती लोक बाळगतात आणि वस्तू लपवून ठेवतात. परंतु लपविलेली मूर्ती एक दिवस चोराच्या हाती जाते. जिची नोंद झाली, फोटो निघाला, माप घेतले गेले, ती चोरीस गेली तरी परत मागता येते. पुरावा असेल तरच हक्क सांगता येतो, हे शेताच्या बांधाला लागू आहे तसेच देवाच्या मूर्तीलाही आहे.

दुसरी गोष्ट, जुना दगड चांगला असेल तर तोच पुन्हा वापरावा. देगलूर तालुक्यातील होट्टल येथील चालुक्यकालीन देवालयांचे संवर्धन राज्याच्या पुरातत्त्व विभागाने केले आहे. ते एकदा पाहून यावे. जुने शिल्प जागेवर ठेवून देऊळ भक्कम करता येते, हे तेथे डोळ्यांनी दिसते. तिसरी गोष्ट, जे दगड नव्या बांधकामात बसत नाहीत ते ओढ्यात टाकू नयेत. देवळाच्या आवारात चौथरा करून मांडून ठेवावेत. ज्याला आज आपण मोडका दगड म्हणतो त्यावरची एक ओळ वाचणारा माणूस उद्या गावात येईल. कंधारचा शिलालेखही खंडितच आहे. पण तेवढा तुकडा वाचला म्हणूनच जगत्तुंग समुद्राचे नाव आणि पाच देवळांची नावे आपल्यापर्यंत आली. तोही कोणी पायात घातला असता तर आज कंधारच्या तळ्याला फक्त ‘तळे’ म्हणावे लागले असते.

चौथी आणि शेवटची गोष्ट देणगीदारांविषयी. जीर्णोद्धार झाल्यावर संगमरवरी पाटी बसते आणि तीवर देणगीदारांची नावे व रकमा येतात. ते योग्यच आहे, राष्ट्रकूटांनीही तेच केले. परंतु त्या पाटीवर चार ओळी अधिक कोराव्यात. देऊळ पूर्वी कसे होते, कोणत्या साली उतरविले, जुने खांब व मूर्ती कोठे ठेवल्या, देवस्थानची जमीन कोणत्या गटात किती आहे आणि देवळापुढील आड किंवा बारव कोणाच्या देखभालीत दिली आहे, एवढे लिहावे. देणाऱ्याचे नाव त्याच्या नातवांना आनंद देईल. या चार ओळी मात्र त्यानंतरच्या पिढ्यांना गावाचा इतिहास देतील. ज्यांनी वर्गणी दिली, ज्यांनी श्रमदान केले, ज्यांनी नुसती एक घमेलेभर माती उचलली, त्या सर्वांच्या कष्टाला असे दीर्घ आयुष्य लाभावे आणि कंधारच्या समुद्राप्रमाणे या गावचे पाणी, दान व देऊळ अखंड राहावे.